कोडिंग येत नाही, पण गेम इंडस्ट्रीत जायचंय. गुहागरहून सुरुवात कुठून करू?

धोपावे_जेट्टी
नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. मी गुहागर तालुक्यातली, वय २३, बीकॉम होऊन दोन वर्षं झाली. घरी आंब्याची बाग आहे, हंगामात सगळा हिशोब मीच बघते, बाकीचे महिने एका पतसंस्थेत अर्धवेळ काम. लहानपणापासून गेम खेळतेय, आधी आतेभावाच्या कॉम्प्युटरवर, मग फोनवर, आणि आता डोक्यात पक्कं बसलंय की काम करायचं तर याच क्षेत्रात. पण कोडिंग येत नाही. दोनदा यूट्यूबवरून शिकायला घेतलं आणि दोन्ही वेळेला महिन्याभरात सुटलं, मन लागतच नाही त्यात. मैत्रिणी म्हणतात मग विसर, गेम म्हणजे इंजिनीअर लोकांचं काम. मुंबईतल्या एका इन्स्टिट्यूटला फोन केला तर त्यांनी फीचा आकडा सांगितला तो आमच्या एका हंगामाच्या नफ्याएवढा, वर शंभर टक्के प्लेसमेंट म्हणाले, कुठे ते मात्र सांगेनात. लॅपटॉप जुना आहे, ४ जीबी रॅमचा. कोणी या क्षेत्रात असेल तर खरं काय ते सांगा, वाईट असलं तरी चालेल.

रेग्रेशनवाला
ताई मी चिपळूणचा, पुण्यात चार वर्षं गेम टेस्टिंगमध्ये आहे, क्यूए म्हणतात त्याला. कोडिंग मलाही येत नाही, मी बीए इतिहास. तर पहिली गोष्ट, मैत्रिणी म्हणतात ते खरं नाही. एका गेमच्या टीममध्ये प्रोग्रामर असतात तसे आर्टिस्ट, अ‍ॅनिमेटर, लेव्हल डिझायनर, साउंडवाले, लेखक, भाषांतर करणारे, प्रोड्युसर, टेस्टर, खेळणाऱ्यांशी बोलणारे कम्युनिटीवाले, एवढे सगळे असतात आणि मोठ्या गेमच्या शेवटी नावांची यादी संपता संपत नाही ती यांच्यामुळे. दुसरी गोष्ट, कोडिंग नको याचा अर्थ काहीच नको असा नाही. कोडिंगच्या जागी दुसरं काहीतरी तेवढंच घट्ट यावं लागतं.

आता माझं काम. लोकांना वाटतं दिवसभर गेम खेळायचा पगार मिळतो. मी एकदा तीन आठवडे एकच दरवाजा तपासलाय, उघडताना कंट्रोलर काढला तर काय, नेट गेलं तर काय, सेव्ह होत असताना उघडला तर काय. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, निन्टेन्डो यांच्या प्रत्येकाच्या नियमावल्या असतात, गेम विकायला ठेवायच्या आधी त्यातून पास व्हावं लागतं, चालू खेळात कंट्रोलर सुटला तर गेमने थांबून खेळणाऱ्याला सांगायला हवं असले शेकडो नियम. बग म्हणजे गेममधली चूक, ती दुरुस्त झाली की त्या दुरुस्तीने दुसरं काही मोडलं नाही ना ते पुन्हा सगळं बघायचं, त्यालाच रेग्रेशन म्हणतात, माझं नाव त्यावरूनच. जागा बऱ्याचदा कॉन्ट्रॅक्टवर असतात, प्रोजेक्ट संपलं की घरी, माझ्यावर एकदा ती वेळ आलीय आणि पाच महिने चिपळूणला बसून काढलेत. सुरुवातीच्या पगारात पुण्यात खोली शेअर केल्याशिवाय भागत नाही. पण बिनकोडिंगवाल्यांना आत शिरायला हे दार सगळ्यात रुंद, हेही तेवढंच खरं.

एक काम कर. फोनवरचा कुठलाही छोटा फुकट गेम घे, दोन दिवस खेळ, त्यात एक चूक शोध आणि इथे लिही. बघू कसं लिहितेस.

चिरेबंदी
मी राजापूरची, थ्रीडी एन्व्हायर्नमेंट आर्टिस्ट, म्हणजे गेममधली घरं, परिसर बनवणारी, घरून काम करते, पावसाळ्यात लाईट गेली की इन्व्हर्टरवर. माझ्या बाजूचं सांगते. ब्लेंडर हे थ्रीडी बनवायचं सॉफ्टवेअर पूर्ण फुकट आहे, पुढे पैसे मागत नाही, पण ४ जीबी रॅमवर तो रडेल, किमान ८ तरी लागतात. नुसतं टूडी करायचं असेल तर क्रिटा, तेही फुकट. पण चित्राचा हात मुळात आहे का ते सांग, कारण इथे दोनतीन वर्षं रोज बसावं लागतं, कोडिंगपेक्षा सोपी वाट म्हणून आर्टमध्ये येणारे सगळ्यात आधी गळतात, हे मी जवळून पाहिलंय आणि वाईट वाटतं.

हात असेल तर मात्र आपल्याइतकं मटेरियल कोणाकडे नाही गं. माझ्या पोर्टफोलिओत पहिली दोन वर्षं मी सगळ्यांसारखे ड्रॅगन आणि तलवारी टाकत होते. कोणी उत्तर देईना. मग आमचं जुनं घर केलं, चिऱ्याच्या भिंती, पडवी, झोपाळा, न्हाणीघराबाहेरचा हंडा, पावसाळ्यात भिंतीच्या खालच्या हातभर पट्ट्यात येणारं शेवाळ. चिऱ्याचा दगड बघ कसा असतो, छिद्राछिद्रांचा, कापलेल्या बाजूला कुऱ्हाडीचे वण, नवा असताना केशरी आणि दहा पावसाळ्यांनी काळा. हे टेक्स्चर, म्हणजे वस्तूवर चढवायचं पृष्ठभागाचं चित्र, मी नेटवरून उचललेलं नव्हतं, दारात उभी राहून फोटो काढले होते. त्या एका सीनवर मला आर्ट टेस्ट आली, म्हणजे स्टुडिओ तुला एखादी वस्तू करायला देतो, पॉलिगॉन (वस्तू ज्या छोट्या सपाट तुकड्यांची बनते ते) इतकेच, टेक्स्चर एवढंच, मुदत एवढी. तिथे सुंदर दिसण्याइतकंच ते मोजमापात बसणं बघतात.

बापूस_रत्नागिरी
धागा वाचून विचारतो. माझा मुलगा बारावीला आहे, तोही हेच म्हणतो. मला या क्षेत्राची भीती वाटते. आमच्या शेजारच्या मुलाने ऑनलाइन गेममध्ये पैसे घालवले, कर्ज झाले. शिवाय सरकारने गेमवर बंदी घातली असेही वाचले. अशा धंद्यात मुलांना कसे पाठवायचे?

रेग्रेशनवाला
काका तुमची काळजी खरी आहे पण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला, त्यात बंदी आहे ती पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, रमी, पोकर, फँटसी टीम असलं जे. ई-स्पोर्ट्स आणि बिनपैशाच्या खेळांना त्याच कायद्यात प्रोत्साहन द्यायचं म्हटलंय. आम्ही जे बनवतो ते सिनेमासारखं, एकदा विकत घ्यायचं आणि खेळायचं. त्या पैसेवाल्या कंपन्यांमध्ये काम करणाऱ्या बऱ्याच जणांच्या नोकऱ्या मात्र त्या वेळी गेल्या, माझ्या ओळखीतल्याही, त्यामुळे नोकरी धरताना कंपनी कमावते कशातून हे मुलाने आधी विचारावं. पुण्यात युबिसॉफ्टचा स्टुडिओ २००८ पासून आहे, पुण्यातच बनलेला 'राजी' हा गेम २०२० मध्ये जगभर विकला गेला. मुंबईत केंद्र सरकारने आयआयसीटी नावाची संस्था अ‍ॅनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग या विषयांसाठी काढलीय. एनआयडी, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्था, तिच्या बंगळुरू कॅम्पसला डिजिटल गेम डिझाइनचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. म्हणजे रीतसर वाटा आहेत.

बापूस_रत्नागिरी
धन्यवाद. मुलाला हे दाखवतो. त्याच्याशी नीट बोलायला हवे होते.

पोफळीची_बाग
गे चेडवा, माझो झील पण हेच करता. कुडाळात असताना रात्री बसान चित्रां काढी, मी वराडलंय तेका लय. आता पुण्याक गेममधली मागची चित्रां रंगवता. माका कोडिंग म्हणजे काय ता ठाव नाय, पण आमी दशावतार बघत मोठे झालंव. थय लिवलेला नाटक खय असता? कथा खय जावची ता सगळ्यांका ठाव, बोलणा मात्र नट जाग्यार रचतत, समोरचो काय बोललो तेच्यार हेचा उत्तर. झिलान माका सांगल्यान की गेमात पण तसाच असता, खेळणारो काय करता तेच्यार गोष्ट फिरता. मग माका समजला. गोष्ट सांगूक कोडिंग कित्याक व्हया?

चिरेबंदी
काका, किती छान लिहिलंत. ब्रँचिंग डायलॉग याहून सोप्या शब्दांत मी कुठे ऐकला नाही.

कानोसा
मालवण. गेम ऑडिओ करतो, फ्रीलान्स. थोडक्यात लिहितो कारण उद्या पहाटे रेकॉर्डिंगला जायचंय. या बाजूला यायचं असेल तर फोनपासूनही सुरुवात होते, फक्त डब्ल्यूएव्ही फॉरमॅटला आणि ४८ किलोहर्ट्झला रेकॉर्ड होईल असं अ‍ॅप घ्या, माइकला वाऱ्यापासून झाकणारं केसाळ कव्हर घ्या, किनाऱ्यावर त्याशिवाय नुसता घरघराट येतो. पावलांचा एक आवाज कधीच पुरत नाही, ओल्या वाळूवरचे आठदहा, चिऱ्यावरचे आठदहा, वाळलेल्या पानांवरचे वेगळे, आणि गेममध्ये ते आलटूनपालटून वाजवायचे, नाहीतर कानाला तिसऱ्या पावलाला कळतं. ज्या आवाजाला खेळात जागा आहे, म्हणजे डावीकडची होडी, मागचा कुत्रा, तो मोनोमध्ये ठेवायचा. आसमंताचा स्टिरिओ. एफमॉड आणि वाइज ही गेममध्ये आवाज बसवायची दोन सॉफ्टवेअर कामाच्या ठिकाणी विचारतात, शिकण्यासाठी दोन्ही फुकट मिळतात. पूर्ण नोकऱ्या या बाजूला फार कमी, एका स्टुडिओत एक माणूस पुरतो, मलाही लग्नाचे व्हिडिओ अजून करावे लागतात.

धोपावे_जेट्टी
सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, एवढी उत्तरं येतील वाटलं नव्हतं. चित्राचा हात नाही माझा चिरेबंदीताई, खरंच नाही. दादा तुमचं होमवर्क केलं. एक कोडी सोडवायचा गेम घेतला. बग असा: "कधी कधी गेम हँग होतो आणि मग कॉइन जातात. खूप त्रास होतो. कृपया दुरुस्त करा."

रेग्रेशनवाला
हे खेळणाऱ्याचं गाऱ्हाणं झालं, बग रिपोर्ट नाही झाला. रागावू नको, माझा पहिला याहून वाईट होता. आता असा विचार कर की हे वाचणारा प्रोग्रामर दुसऱ्या शहरात बसलाय, त्याला तुझा फोन दिसत नाही आणि त्याच्याकडे गेम व्यवस्थित चालतोय. त्याच्या हातात तुला चूक जशीच्या तशी ठेवायचीय. कधी कधी म्हणजे कधी? दहा वेळा करून बघ, किती वेळा झालं? हँग म्हणजे स्क्रीन गोठली, की काळी झाली, की गेम बंदच पडला? आवाज चालू होता का? कॉइन किती होते, किती झाले? फोन कुठला, अँड्रॉइड कितवं, गेमची आवृत्ती कुठली? आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुठल्या पायऱ्या केल्या की होतं. भावना काढून टाक.

धोपावे_जेट्टी
काल रात्री दीडपर्यंत बसले. सापडलं!! कधी कधी नाही होत, नेमकं होतं. हे बघा.

शीर्षक: लेव्हल जिंकल्याच्या पडद्यावर फोन आला आणि कॉल कट केला तर गेम गोठतो, लेव्हलचे कॉइन मिळत नाहीत. पायऱ्या: कुठलीही लेव्हल पूर्ण करा, कॉइन मोजायचं अ‍ॅनिमेशन चालू असताना दुसऱ्या फोनवरून कॉल लावा, कॉल कट करा, गेममध्ये परत या. अपेक्षित: अ‍ॅनिमेशन पूर्ण होऊन कॉइन जमा व्हावेत. प्रत्यक्षात: पडदा गोठतो, संगीत चालू राहतं, गेम बंद करून उघडला की लेव्हल पूर्ण दिसते पण ५० कॉइन जमा नसतात. १० पैकी १० वेळा. अ‍ॅनिमेशन संपल्यावर कॉल आला तर १० पैकी ० वेळा.

रेग्रेशनवाला
शेवटची ओळ तू स्वतःहून केलीस? कधी होत नाही ते तपासणं? मी हे सांगितलं नव्हतं. नव्या मुलांना ही सवय लागायला सहा महिने लागतात. फोनचं मॉडेल आणि गेमची आवृत्ती राहिली, ती टाक, व्हिडिओ जोड, की हा रिपोर्ट मी उद्या ऑफिसात दाखवू शकतो.

धोपावे_जेट्टी
हिशोबात फरक आला की असंच करते, कुठल्या तारखेपर्यंत जुळतं ते आधी शोधायचं, मग पुढचं सापडतं. तेच केलं.

गंजिफा_१२०
मी सावंतवाडीचा, आता बंगळुरूला सिस्टिम डिझायनर, म्हणजे गेमचे नियम बसवणारा. या मुलीचं शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

आधी थोडं आमच्याकडचं. सावंतवाडीची गंजिफा बहुतेकांना शोभेच्या वस्तू म्हणून माहितीये, राजवाड्यात रंगवतात ती गोल पानं. पण तो खेळ आहे. दशावतारी गंजिफात १० रंग, प्रत्येकात १२ पानं, राजा, प्रधान आणि एक ते दहा. एकूण १२०. आता गंमत ऐका, पाच रंगांमध्ये दहा मोठा आणि एक्का लहान, उरलेल्या पाचांत उलटं, एक्का मोठा आणि दहा लहान. या एका नियमाने काय होतं? हातात आलेला आकडा चांगला की वाईट हे रंग बघितल्याशिवाय ठरत नाही. नवीन चित्र नाही, नवीन पान नाही, फक्त एक नियम उलटा केला आणि खेळ दुप्पट खोल झाला. हे ज्याने कोणी केलं तो गेम डिझायनर होता. गेम डिझाइन म्हणजे हे, नियम आणि त्याचे परिणाम. मारिओ ज्याने घडवला तो शिगेरू मियामोतो शिकलेला इंडस्ट्रियल डिझाइन, १९७७ ला निन्टेन्डोत लागला तो कलेच्या बाजूने, आणि १९८१ च्या डाँकी काँगमध्ये कोड दुसऱ्यांनी लिहिला.

आता धोपावे_जेट्टी, तुला विचारतो. बागेचा हिशोब नक्की कसा ठेवतेस?

धोपावे_जेट्टी
एक्सेलमध्ये, दादा. मोहोर आल्यापासून फवारणीचा खर्च, राखणीचा पगार, मग काढणीची मजुरी, पेट्या, गवत, टेम्पो. वाशीला माल गेला की दलालाची पट्टी येते, त्यात हमाली तोलाई कापलेली. थेट गिऱ्हाइकाला दिला तर भाव चांगला पण उधारी अडकते आणि कुरियरमध्ये फळ दबलं तर पेटी परत. मार्चमध्ये भाव चढा आणि माल कमी, मेमध्ये माल ढीग आणि भाव खाली, आणि वळवाचा पाऊस कधी येईल सांगता येत नाही. मी तीन शीट केलेत, पाऊस लवकर, पाऊस वेळेवर, पाऊस नाही, प्रत्येकात कधी किती काढायचं ते.

गंजिफा_१२०
हे वाच आता नीट. गेममध्ये खेळणाऱ्याकडे नाणी येतात कुठून, जातात कुठे, किती दिवसांनी तो श्रीमंत होऊन कंटाळेल, किती दिवसांनी कंगाल होऊन सोडून देईल, हे बसवणारा एक माणूस असतो, इकॉनॉमी डिझायनर. तो दिवसभर एक्सेलमध्ये असतो. आवक, जावक, धोका, आणि तीन शक्यतांच्या तीन शीट. तू जे वर लिहिलंयस ते मी इंटरव्ह्यूला आलेल्या, लाखो रुपये फी भरून शिकलेल्या मुलांकडून ऐकायला तरसतो. कोडिंगला मन लागत नाही म्हणून तू स्वतःला रिकामी समजून इथे आलीस आणि तुझं खरं कसब तू पहिल्या पोस्टमध्ये अर्ध्या ओळीत उरकलंस.

पण नुसतं असं सांगून कोणी घेणार नाही, आणि डिझायनरच्या जागा नवख्यांना थेट फार थोड्या मिळतात, बरेच जण क्यूएतूनच आत सरकतात, रेग्रेशनवालाने सांगितलेलं दार धरूनच ठेव. सोबत एक छोटा पूर्ण गेम कर. पूर्ण हा शब्द महत्त्वाचा, अर्धवट मोठा कोणी बघत नाही. ट्वाइन नावाचं फुकट साधन आहे, ब्राउझरमध्ये चालतं, तुझ्या लॅपटॉपवर आरामात. एक परिच्छेद लिहायचा, त्यातून पुढच्या परिच्छेदांना दुवे द्यायचे, झाला गेम. पैसे आणि पेट्या मोजायला चारदोन सूत्रं लिहावी लागतील, एक्सेलपेक्षा अवघड नाहीत. शेवटी एकच एचटीएमएल फाइल निघते, ती इच.आयओ या गेम ठेवायच्या साइटवर फुकट चढवता येते. विषय तुझ्याकडे आहे.

चिरेबंदी
मराठीतच कर गं. आणि पुढे दुसऱ्या इंजिनात, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, नेलास तर फाँट आधी तपास, बऱ्याच ठिकाणी देवनागरी मोडते, वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते, जोडाक्षरं सुटी होतात. गोडो इंजिनमध्ये चौथ्या आवृत्तीपासून नीट दिसतं. भाषांतराच्या टेस्टिंगमध्ये हेच शोधायला मराठी-हिंदी येणारी माणसं लागतात, तेही एक काम आहे.

धोपावे_जेट्टी
रडायला आलं खरंच. करते.

धोपावे_जेट्टी (अडीच महिन्यांनी)
झाला. नाव "हंगाम". शंभर झाडांची बाग, फेब्रुवारी ते मे, प्रत्येक आठवड्याला काढायचा किती, वाशीला किती, थेट किती, फवारणी करायची की पैसे वाचवायचे. तीनदा पूर्ण मोडून पुन्हा केला. पहिल्यात सगळा माल मार्चमध्ये थेट विकला की नेहमीच जिंकत होतं, माझ्या बाबांनी दुसऱ्याच डावात ओळखलं आणि म्हणाले मग बाकीचे महिने ठेवलेत कशाला. म्हणून उधारी घातली, थेट विकलेल्याचे पैसे तीन आठवड्यांनी येतात, तोवर मजुरी द्यायला हातात रोकड लागते. आता बाबा हरतात कधी कधी, आणि पुन्हा खेळतात. कानोसादादांनी पत्र्यावरचा पाऊस दिलाय, पाऊस यायच्या आदल्या आठवड्याला लांबून गडगडाट ऐकू येतो, लक्ष दिलं तर कळतं. बिल्ड ०.३, म्हणजे गेमची आत्ताची आवृत्ती, खेळून सांगा.

पोफळीची_बाग
खेळलंय. मे म्हयन्यात माझी सगळी बाग पावसान झोडली. खरा वाटला गे.

गंजिफा_१२०
चार डाव खेळलो. उधारीचा नियम हाच तुझा उलटा एक्का. तुझी एक्सेल शीट पण सोबत चढव, लोकांना तुझा विचार त्यात दिसेल, मी आमच्याकडे पाठवतोय, पुढचं माझ्या हातात नाही.

रेग्रेशनवाला
शीर्षक: हातात रोकड शून्य असतानाही फवारणी करता येते, रक्कम उणे होते. बिल्ड ०.३, क्रोम, अँड्रॉइड फोन. पायऱ्या: पहिल्या आठवड्यात सगळा माल थेट विका, दुसऱ्या आठवड्यात मजुरी देऊन रोकड ० करा, फवारणी निवडा. अपेक्षित: फवारणीचा पर्याय बंद असावा. प्रत्यक्षात: फवारणी होते, रोकड उणे ४०००, आणि उधारी आल्यावरही डाव हरल्याचं दाखवतं. १० पैकी १० वेळा. फवारणी न करता पुढे गेल्यास १० पैकी ० वेळा.

धोपावे_जेट्टी
दादा, हे मला दिसलंच नव्हतं, आमच्याकडे फवारणीचं औषध उधार मिळतं ना दुकानातून, त्यामुळे डोक्यात आलंच नाही. पर्याय बंद नाही करत, औषधवाल्याची उधारी पण घालते, व्याजासकट. रात्री ०.४ चढवते.